आधी भिंत धुवा

१

आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी गिऱ्हाइकांना पहिल्याच दिवशी फुकट सांगून टाकतो, आणि फुकट मिळते म्हणूनच बहुतेक कुणी ती ऐकत नाही. आधी भिंत धुवा. औषध मग.

लोकांना वाटतं, पंप पाठीला लावून माणूस येतो, फवारतो आणि झुरळं मरतात. झुरळ काही औषध प्यायला येत नाही. ते भिंतीवरून चालतं, भिंतीवर वाळलेली औषधाची पूड त्याच्या पायाला लागते, आणि मग ते मरतं. भिंत स्वच्छ असेल तर पूड वरच्या वर राहते. तेलकट असेल तर पूड तेलात रुतून बसते, पायाला लागतच नाही. पिठाचा थर असेल तर औषध पीठच पिऊन टाकतं. म्हणजे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वर गिऱ्हाईक मलाच म्हणणार, "गुणा, तुझ्या पंपात नुसतं पाणीच असतं वाटतं."

आणि दुसरी गोष्ट. अर्धवट फवारा बसलेलं झुरळ मरत नाही, ते घर बदलतं. मलेशियातल्या आमच्या पिनांगच्या जुन्या वस्तीत घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या आहेत, तेव्हा एकाकडून हुसकावलं की ते दुसऱ्याकडे राहायला जातं. शेजाऱ्यांची भांडणं लागतात, आणि मला दोन्हीकडची कामं मिळतात. तक्रार करावी असं आयुष्यात माझ्या काही नाही.

माझं नाव गुणसेगरन. कुणी सबंध नाव घेत नाही. घर छोटं, बायको कोमती हसतमुख, आणि स्वयंपाकघर असं की फरशीत तोंड दिसावं. दर रविवारी चुलीमागची भिंत मी स्वतः गरम पाणी आणि सोड्याने धुतो. अम्मा होती तोवर यावरून रोज वाद व्हायचा. "अरे, हे स्वयंपाकघर आहे की इस्पितळ?" म्हणायची. "ढवळताना जरा हात टेकावा म्हटलं तर सटकन घसरतो." तिची उजव्या हाताची करंगळी लहानपणी रगड्यात सापडून बाहेर वळली होती. त्या करंगळीने माझ्या पाठीत ढोसून बोलायची तिला सवय होती. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी ती गेली. भिंत तशीच चकचकीत राहिली.

मागच्या पडवीत एका बिस्किटाच्या डब्यात मी थोडी झुरळं पाळतो. डब्याच्या आतल्या काठाला लोण्याचा हात फिरवलेला असतो, म्हणून ती वर चढू शकत नाहीत. औषध भिंतीवर धरलंय की नाही हे बघायला ती लागतात. फवारलेल्या जागी चारपाच झुरळं सोडायची, वर पारदर्शक पेला पालथा घालायचा आणि वाट बघायची. कोमती म्हणते, "लोकांच्या घरची मारायची आणि आपल्या घरी बाळंतपणं करायची, असा नवरा मिळायला नशीब लागतं."

२

गेक लियान आंटीचा फोन आला तेव्हा चिनी नववर्ष तोंडावर आलं होतं. त्या दिवसांत आमची लगीनघाई असते. सगळ्या वस्तीला एकदम स्वच्छतेची आठवण होते. रविवारही कामातच जात होते, त्यामुळे माझ्या घरच्या भिंतीला कितीतरी दिवसांत सोड्याचं पाणी लागलं नव्हतं.

आंटी आंगकू करतात. लाल चिकट पिठाच्या पारीत मुगाचं गोड सारण, लाकडी साच्यात दाबून कासवासारखा आकार, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून वाफवलेला. बाळ महिन्याचं झालं की घरोघरी वाटतात. नववर्षाच्या नवव्या दिवशी आकाशदेवाची पूजा असते, तेव्हा तर सगळी गल्ली आंटींच्या दारात उभी. हे सगळं त्यांना सासूबाईंनी याच चुलीपाशी शिकवलं, त्या जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा लवकर गेला, मुलं परदेशात. या वयात त्यांना उठून कामाला लावणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे हे स्वयंपाकघर.

आणि नगरपालिकेने नेमकं तेच बंद केलं होतं. तपासणीला आलेल्या बाईंच्या वहाणेवरून झुरळ चालत गेलं. दारावर कागद लागला. फेरतपासणीत झुरळ दिसलं, किंवा नुसती भिंत जरी तेलकट लागली, तरी परवाना कायमचा जाणार होता.

"गुणा," आंटी म्हणाल्या, "हे गेलं तर मी काय करू? खुर्चीत बसून भिंतीकडे बघत मरू?"

"मरायचं काम झुरळांचं आंटी. तुम्ही फक्त पाणी तापवा. आज भिंत धुऊन टाकू."

"आज नाही."

"का?"

त्यांनी चुलीच्या वरच्या लाल कागदाकडे बोट केलं. तिथे चुलीचा देव असतो. वर्षभर घरातलं बरंवाईट बघतो आणि वर्ष संपायच्या आठवडाभर आधी वर आकाशात सांगायला जातो. जाताना त्याच्या ओठांना मध लावतात, म्हणजे गोड बोलेल. तो घरात असताना चुलीची भिंत घासायची नाही, तो निघाला की मगच. हे मला ठाऊक होतं, पण गडबडीत विसरलो होतो.

"उद्या जातो," आंटी म्हणाल्या. "परवा ये. देव रजेवर असतो तेव्हा काय ते घासून घ्या. नववर्षाच्या चौथीला परत येईपर्यंत इथं बघायला कुणी नसतं."

हे त्या सहज बोलल्या. मीही सहज ऐकलं.

३

भिंत मी मन लावून धुतली. वर्षानुवर्षांचं तेल होतं, काकवीसारखं तपकिरी. सोड्याच्या गरम पाण्याने ते ओघळायला लागलं तेव्हा मला खरंच आनंद होत होता. एकेक पांढरी फरशी बाहेर येत होती. चुलीच्या डाव्या बाजूला, माझ्या कमरेच्या थोडं वर, थर सगळ्यात जाड होता. तिथे दोनदा घासावं लागलं. आंटी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या जागी हात गेला तेव्हा म्हणाल्या, "तेवढं राहू दे ना."

"तेवढंच ठेवलं तर झुरळं तेवढ्यातच राहतील."

त्या आत जाऊन माझ्यासाठी कोपी, म्हणजे इथली कडक काळी कॉफी, घेऊन आल्या.

भिंत सुकल्यावर औषध मारलं. मी वापरतो ती पाण्यात कालवायची पूड. सुकली की फरशीवर पांढरट, धुरकट पापुद्रा राहतो. तो दिसला की माझ्या जिवाला बरं वाटतं. पुसायचं नाही, चूल पेटवायची नाही, असं बजावून निघालो.

दोन दिवसांनी डबा घेऊन परत गेलो. तीन ठिकाणी झुरळं सोडून पेले पालथे घातले, एक ओट्यावर, एक मोरीपाशी आणि एक चुलीच्या डाव्या बाजूला. भिंतीवरचा पेला चिकटपट्टीने लावावा लागतो. कोपी पिऊन येईपर्यंत ओट्यावरची उताणी पडली होती. मोरीपाशीही तेच.

चुलीपाशीची जिवंत होती. तेवढ्याने मी घाबरत नाही. औषध कुठे पातळ पडतं, कुठे फरशीवर वंगण उरतं. पण भ्यायलेलं झुरळ पेल्यात गोल गोल पळतं, काचेला धडका देतं. ही पळत नव्हती. भिंतीला पाय रोवून, सगळी एकाच दिशेला तोंड करून, मिशा हळूहळू हलवत बसली होती. चुलीपाशी वाढायची वाट बघणारी पोरं बसतात तशी.

पेला काढून बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं.

"आंटी, चूल पेटवली होती का?"

"कागद लावलाय दारावर. मी काय तुरुंगात जाऊ?"

मग मला वर देवाची जागा दिसली. मध! ओठांना लावलेला मध उकाड्याने पाघळून खाली आला असणार. मला माझंच हसू आलं. मध झुरळांना आवडतोच. मी पुन्हा सोड्याचं पाणी केलं, पुन्हा पुसलं, पुन्हा फवारलं. घरी जाताना मात्र एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. मध चिकट असतो. बोटाला लागलेलं चिकट नव्हतं. आणि त्याला खोबऱ्याचा वास होता, मंद आचेवर परतलेल्या, पांदनचं सुवासिक हिरवं पान टाकलेल्या खोबऱ्याचा.

४

तिसऱ्या वेळी मी आंटींना स्पष्टच सांगितलं, "आंटी, राग मानू नका. तुम्ही सवयीने तिथे हात टेकता. तुमच्याही नकळत. दोन दिवस स्वयंपाकघराला कुलूप लावू, किल्ली माझ्याकडे राहू दे."

"लाव," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, उलट जरा गालात हसल्या. "मी बहिणीकडे जाते दोन दिवस. पण गुणा, मी उभी राहते तेव्हा माझा हात केवढ्या उंचीवर येतो बघ बरं."

त्या चुलीपाशी उभ्या राहिल्या. त्यांचा हात माझ्या छातीच्या उंचीला आला. तेलाची जागा त्याच्या वीतभर खाली होती.

मी त्यावर विचार केला नाही, किंवा करायचं नाही असं ठरवलं. विचार करायला दुसरी सोपी वाट होती. ही भिंत शेजारच्या घराशी जोडलेली. पलीकडे कुणी रोज तळणकाम करत असेल, तर जुन्या विटांतून तेल झिरपून इकडे येऊ शकतं. असं मी पाहिलं आहे. मी बाहेर पडून शेजारी गेलो. पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मालकाला विचारलं, "मागे स्वयंपाकघर आहे का?" त्याने मला आत नेलं. त्या भिंतीला जुन्या टायरांची चळत लावलेली होती. तेल होतं, पण साखळीचं, काळं. त्याला पांदनचा वास येण्याचं काही कारण नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मी एकट्याने कुलूप उघडलं. आत बंद खोलीचा वास असायला हवा होता. त्याऐवजी आत्ताच कुणीतरी कढई उतरवून ठेवलीय असा वास होता. चूल हाताला गार लागली. नळ कोरडा होता. एक बारीक आवाज येत होता, लाकडी उलथनं कढईच्या बुडाला घासल्याचा, अगदी संथ. मी कान दिला तसा तो थांबला. सायकलवाला काहीतरी घासत असेल.

चुलीच्या डाव्या बाजूला, पांढरट पापुद्र्याच्या मधोमध, तेलाचा एक हात उमटला होता. लहान, डावा हात. बोटं फाकलेली, वजन टाकलेलं. पहिल्या बोटाचं पेर नव्हतं.

मी तो पुसला. का, ते विचारू नका. हाताला सवय झाली होती, आणि परवाना आंटींचा जाणार होता. पुसताना फरशी कोमट लागली.

आंटी परत आल्यावर मी त्यांना एकच विचारलं, "तुमच्या सासूबाईंचं बोट..."

"खोबरं किसताना गेलं. लग्न होऊन मी इथं आले त्याच्या आधीच." त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी संत्री काढली. "डावा हात भिंतीला टेकून उजव्या हाताने सारण परतायची. करपलेलं मी कधी पाहिलं नाही. आता बस. फार विचार करू नको, आमच्याकडे सगळं ठीक आहे."

त्या खरंच समाधानी दिसत होत्या. मी संत्री उचलली आणि निघालो.

५

तपासणीचा दिवस उजाडला. मी सकाळीच जाऊन शेवटचा फवारा मारून ठेवला होता. दुपारी पुआन रोहायती येणार होत्या (इथं बाईंना पुआन म्हणतात), त्याच त्या वहाणवाल्या बाई. आंटींनी नवा ब्लाउज घातला होता. हात पदराशी चाळा करतात तसे त्यांचे हात सारखे ब्लाउजच्या गुंड्यांशी चालले होते. परवान्याची चौकट भिंतीवरून काढून त्यांनी मांडीवर घेतली होती.

मी चुलीसमोर उभा होतो. भिंत कोरडी होती. पापुद्रा एकसारखा बसला होता, एवढं चांगलं काम मी वर्षभरात केलं नव्हतं. बाहेर दारात गाडी थांबल्याचा आवाज आला.

आणि माझ्या डोळ्यांदेखत पापुद्रा बदलायला लागला. कोरड्या पिठावर पाण्याचा थेंब पडल्यावर जागा गडद होते, तशी एक जागा गडद झाली. आधी तळहाताचा मनगटाजवळचा भाग. मग हळूहळू, वजन पुढे यावं तसा, सगळा तळवा. मग अंगठा. मग एकेक बोट. पहिलं बोट अर्ध्यात थांबलं. भिंतीसमोर कुणी नव्हतं. मी होतो, आणि माझ्या बाजूला हवा गरम झाली होती, चूल पेटलेली असताना होते तशी.

मी आंटींकडे बघून नुसतं बोट दाखवलं.

आंटी चौकट खाली ठेवून उठल्या. भिंतीपाशी गेल्या आणि सासूशी बोलावं तशा, जरा आदराने, जरा वैतागून बोलल्या, "आ-बू, पाहुणे आलेत. कामाच्या बाई आहेत. जरा बाजूला व्हा ना."

पुआन रोहायती आत आल्या. बाई कडक, पण वाईट नव्हत्या. बॅटरी मारून त्यांनी मोरी बघितली, कपाटांच्या मागे बघितलं, साच्यांची फळी उचलून बघितली. मग चुलीशी आल्या आणि डाव्या बाजूला भिंतीवर बोट फिरवलं.

मी डोळे मिटले होते.

"छान आहे," त्या म्हणाल्या. बोट कोरडं होतं, टोकाला पांढरी पूड लागली होती. "असं धुतलं तर औषध धरतं. हे आमच्या लोकांनाही सांगावं लागतं." मग त्या थांबल्या. सबंध तळवा त्यांनी भिंतीला लावला. "इथं गरम का लागतंय? चूल पेटवलीत का?"

"नाही हो," आंटी म्हणाल्या.

"ऊन येत असेल," मी म्हणालो.

त्या भिंतीवर कधीच ऊन येत नाही. पुआन रोहायतींनी मान हलवली, सही केली, आणि दारावरचा कागद स्वतःच्या हाताने सोलून काढला. आंटींनी चौकट पुन्हा खिळ्याला लावली, आणि मग तिथंच उभ्या राहून रडल्या. मलाही भरून आलं. निघताना त्यांनी माझ्या हातात वाफवलेली रताळी कोंबली.

वाटेत मात्र मला आठवलं. जरा बाजूला व्हा, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि हुसकावलेलं काही मरत नाही, घर बदलतं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे.

६

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नववर्षाची धामधूम सुरू झाली, गिऱ्हाइकं थंडावली, आणि रविवारी मी बादलीत सोडा कालवून घरच्या भिंतीपाशी गेलो, तर चुलीच्या बाजूला तेलाचा एक मोठा डाग होता. माझ्या घरात!

आकार नीट कळत नव्हता. मी वाकून बघितलं नाही. बादली तशीच मोरीत ओतून दिली.

"काय झालं?" कोमतीने विचारलं.

"काही नाही. पाठ दुखतेय."

"मग राहू द्या. मला आवडतं तसंच. फार चकचकीत असलं की कुणाकडे पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटतं."

त्या दिवसापासून मी सुखाने जेवलो नाही. पुसलं तर ती कुठे जाईल? बाजूची खोली आमच्या झोपायची. नाही पुसलं तर ती इथंच राहील. अनोळखी म्हातारी, जिचं घर मी धुऊन काढलं होतं. रागावली असेल का? मी भिंतीकडे न बघता स्वयंपाकघरातून ये-जा करायला शिकलो. पडवीतल्या डब्यात झुरळं घराच्या बाजूला तोंड करून बसलेली दिसायची. ती योगायोगाने बसत असतील.

कोमती मात्र मजेत होती. काम करताना गुणगुणायची. रस्सम असं व्हायला लागलं की मी दुसऱ्यांदा भात घ्यायचो, भीती असतानाही. "हाताला चव आलीय तुझ्या," मी म्हणालो.

"हो ना. हल्ली एकटीने केल्यासारखंच वाटत नाही."

एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो. ती माझ्याकडे पाठ करून चुलीशी उभी होती. उजव्या हातात पळी. डाव्या हातात फडकं, फडक्यात भांड्याचा काठ धरलेला. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. आणि तिच्या पलीकडे, भिंतीवर, तेलाची ओली चकाकी दाबली गेली, सैल झाली, पुन्हा दाबली गेली. कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होतं.

कोमतीने न वळता विचारलं, "मीठ पुरे का?"

ती मला विचारत नव्हती. मी आत आल्याचं तिला कळलंच नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आंटींच्या घरी गेलो. मनाशी ठरवलं होतं की सगळं सांगायचं, आणि त्यांच्या भिंतीला माझ्या हाताने तेल फासायचं. या धंद्यात येऊन स्वच्छ भिंतीला तेल लावायला निघालेला मी पहिलाच असेन. पण दुसरा उपाय नव्हता. इथं जागा केली तर कदाचित म्हातारी परत येईल.

आंटींकडे आकाशदेवाच्या पूजेची लगबग होती. लाल कासवांच्या रांगा पानांवर निवत होत्या. चुलीचा देव रजेवरून परत आला होता, लाल कागद नवा कोरा. स्वयंपाकघर आनंदाने भरलेलं होतं, वासाने, वाफेने.

"ये ये, योग्य वेळी आलास," आंटी म्हणाल्या. "साचे पुसायला हात हवाच होता. बाटली कसली?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पीठ मळत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी हात थांबवले आणि इतक्या मोठ्याने हसल्या की मला राग आला.

"आ-बू तुझ्या घरी? ती माझ्या लग्नानंतर एकदा तरी या घराबाहेर जेवली का विचार. मुलीच्या घरीसुद्धा राहिली नाही. इकडे ये."

त्यांनी चुलीच्या उजव्या बाजूचं कपाट उघडलं. कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला, जिथे कुठल्याही पुआनचं बोट सहसा जात नाही, तिथे लहान डावा हात होता. ओला, ताजा. पहिलं बोट अर्धं.

"बाजूला व्हा म्हटलं तर झाली बाजूला. तुझ्या औषधाचा वास तिला आवडत नाही, एवढंच." आंटी पुन्हा पीठ मळायला लागल्या. "सारण बघ खाऊन. करपलंय का?"

करपलं नव्हतं. मी आंगकू हातात धरून उभा राहिलो. तोंडात गोड होतं आणि अंगाला दरदरून घाम.

"मग आंटी, माझ्या घरी कोण आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. यावेळी हसल्या नाहीत. "ते मी कसं सांगू? चूल तुझी. भिंत कधीपासून धुतली नाहीस?"

"नववर्षाच्या घाईपासून."

"त्याच्या आधी?"

"दर रविवारी."

"मग हात कुठे टेकणार रे कुणी," आंटी म्हणाल्या, आणि साचा माझ्या हातात दिला.

मी साचे पुसून दिले. घरी येईपर्यंत दुपार झाली होती. कोमती पाणी भरायला मागे गेली होती. मी पहिल्यांदाच त्या डागासमोर गुडघ्यांवर बसलो आणि डोळे उघडे ठेवून बघितलं. हात लहान नव्हता. पाचही बोटं सबंध होती. उजवा हात होता. आणि करंगळी बाहेर वळलेली होती.

मी तिथे किती वेळ बसलो मला माहीत नाही. फार भीती वाटली, आणि फार आनंद झाला, आणि दोन्ही एकदम वाटल्याने रडू आलं. "अम्मा," मी म्हणालो. मग "भिंत घसरते म्हणायचीस," असं काहीतरी म्हणालो. फरशी कोमट होती.

आता त्याला बरेच महिने झाले. लोकांना मी अजूनही सांगतो, आधी भिंत धुवा, आणि ते अजूनही ऐकत नाहीत. माझ्या घरची ती भिंत मात्र मी धुतलेली नाही. तिच्यावर औषध कधीच धरणार नाही, हे मला कळतं. हल्ली चुलीमागे एखाददुसरं झुरळ दिसतं. दिसू दे.

मी भिंतीकडे पाठ करून जेवायला बसतो. वळून बघण्याइतकी माझी छाती अजून होत नाही. कधी जेवताना पाठीत, खांद्याच्या जरा खाली, काहीतरी ढोसल्यासारखं होतं. मी म्हणतो, जेवतोय, आणि जेवत राहतो. संध्याकाळी कोमती माझा शर्ट धुवायला घेते. पाठीवर तेलाचा हात असतो. ती तेवढी जागा सोडून बाकीचा शर्ट साबणाने घासते.